शिस्तीतला क्रिसान्तो

क्रिसान्तो हेरोनिमो भला माणूस आहे. आमच्या ला कुम्ब्रे गावात कुणालाही विचारा, हेच सांगतील. मीही सांगेन, पण जरा दातओठ खाऊन, कारण त्याच्या भलेपणाचा मला आजही संताप येतो.

मी तिबुर्सिया. सगळे तिबू म्हणतात. मंडळीवाल्यांच्या, म्हणजे नव्या पंथाच्या ख्रिस्तींच्या, प्रार्थनाघराला लागून त्यांच्या रेडिओची खोली आहे आणि तिच्या दाराशी, पत्र्याच्या पडवीत, माझी चूल. मक्याचा गरम अतोल आणि पानात उकडलेले तामाल विकते. मी स्वतः त्यांच्यातली नाही. मी वरच्या जुन्या देवळातली, मेणबत्त्या लावणारी, जत्रेत लाकडी पट्ट्यांचा मारिम्बा वाजायला लागला की पाय न आवरणारी. मंडळीवाले माझ्या उद्धारासाठी प्रार्थना करतात आणि मग माझेच तामाल खातात. दोन्हींचं मला काही वाईट वाटत नाही.

रेडिओचं नाव भारी आहे, 'अल्मूदवरचा दिवा'. अल्मूद म्हणजे आमचं मका मोजायचं लाकडी माप. दिवा लावून कोणी मापाखाली झाकत नाही असं त्यांच्या पवित्र पुस्तकात आहे म्हणे. म्हातारे पाळक एलिगियो यांनी ते यंत्र वेवेतेनांगो शहरातून बसच्या टपावरून आणलं तेव्हा ठेवायला टेबल नव्हतं, म्हणून उपड्या अल्मूदवर ठेवलं, आणि नाव तिथंच पक्कं झालं. पण एवढं नाव कोण घेतंय! लोक नुसतं अल्मूद म्हणतात. पाइनचे दोन वासे जोडून त्यावर तार चढवली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले, त्यातले निम्मे माझ्याकडून फुकट नेलेले. आणि यंत्र सांभाळायला क्रिसान्तोला बसवलं, कारण तो ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा आणि त्याला विजेची भीती नव्हती. आवाजाचा विचार कुणाच्या डोक्यातही नव्हता. पहिल्या पहाटे तो बोलला, "भावांनो, बहिणींनो, प्रभूची शांती तुमच्या घरात असो," आणि माझ्या हातातला डाव हातातच राहिला. त्या हडकुळ्या छातीत एवढा मऊ आवाज कुठून आला, देवच जाणे.

परवाना वगैरे काही नव्हता. सरकारी माणसं चौकशीला यायची, तेव्हा खालच्या वळणावरून कुणीतरी शिट्टी घालायचा आणि क्रिसान्तो यंत्र उचलून मक्याच्या ढिगात पुरायचा. मी त्याला चिडवायचे, "काय रे, दिवा गेला ना शेवटी मक्याखाली?" तो लाजून हसायचा. नियम मोडला की त्याचा जीव खालीवर व्हायचा, मग तो सरकारचा का असेना.

अल्मूदवर फक्त गाणी. भजनं, स्तोत्रं, आपल्याच लोकांनी माम भाषेत रचलेली गीतं. मधे वाढदिवस, मयतीची बातमी, कुणाचं वासरू हरवलं तर ते. शनिवारी वाड्यावस्त्यांवरची गाणारी माणसं चिखल तुडवत खाली यायची, गिटार पोत्यात गुंडाळून, आणि क्रिसान्तो त्यांना कॅसेटवर उतरवून घ्यायचा. जुन्या कॅसेटी ऐकल्यात तर मागे कोंबडे आरवतात, आणि एका गाण्यात मी "मीठ कुणी नेलं माझं?" असं ओरडताना स्पष्ट ऐकू येते. ते गाणं दर नाताळात लागतं. माझी कीर्ती अशी.

या शनिवारांतच इसिद्रा आली. लास पिएद्रास वाडीची इसिद्रा माटियास, पास्कुआला मावशीची थोरली. बाप लहानपणीच गेलेला. अंगानं किडमिडी, बोलायला लागली तर समोरच्याला कानाला हात लावून ऐकावं लागे. पण गायला लागली की बाहेर माझ्यापुढची रांग गप्प. तिनं स्वतःच एक गीत रचलं होतं, 'मक्याच्या पानावरचं दव मी, ऊन्ह यायच्या आत मला उचल.' क्रिसान्तोनं ते उतरवून घेतलं आणि त्या दिवशी बाहेर येऊन मला म्हणाला, "तिबूताई, आता यंत्र बिघडलं तरी चालेल. ज्यासाठी आणलं होतं ते झालं."

ते गाणं मग अख्ख्या डोंगरात झालं. लोक खिडकीशी येऊन सांगायचे, माझ्या सासूच्या वाढदिवसाला इसिद्राचं लाव, माझ्या धाकटीच्या बाप्तिस्म्याला इसिद्राचं लाव. क्रिसान्तो लावायचा, आणि आधी झोकात नाव घ्यायचा, "गाते आहे बहीण इसिद्रा माटियास, वाडी लास पिएद्रास." जसं काही त्यानंच जन्माला घातली.

मग जत्रा आली. आमची जत्रा, देवळाची. नगरपालिकेसमोर मारिम्बा लागला. भर दुपार, आयाबाया, पोरंटोरं, आणि त्यात इसिद्रा आपल्या मामेबहिणीबरोबर नाचली. दोन गाणी. दारू नाही, पुरुष नाही, काही नाही. मीही तिथंच नाचत होते, माझा झगा तिच्या झग्याला लागत होता. हसत होती पोर. तिला मोठ्यानं हसताना मी तेवढंच एकदा ऐकलं.

मंडळीत नाच म्हणजे पाप. कुणीतरी चुगली केली, आणि इसिद्राला शिस्त लागली. शिस्त म्हणजे त्यांची जुनी रीत आहे. सगळ्यांसमोर उभं राहून चूक कबूल करायची, मग सहा महिने शेवटच्या बाकावर बसायचं. गायचं नाही, प्रभुभोजन घ्यायचं नाही, आणि अल्मूदवर त्या माणसाचा आवाज लावायचा नाही, नावही घ्यायचं नाही. सहा महिने झाले की पाळक मोठ्यानं नाव पुकारतात, सगळे उठून मिठ्या मारतात, शिस्त उठली. इतकंच. वाईट रीत आहे असं मी म्हणत नाही. आमच्याकडे पाप केलं तरी कोणी विचारत नाही, तेही काही फार चांगलं नाही.

त्या दुपारी खोलीत काय झालं ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं, क्रिसान्तोच्याच तोंडून. पण ते इथंच सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

त्या वर्षी मंडळीच्या पंचांची निवड होती आणि क्रिसान्तोचं नाव चाललं होतं. इसिद्रा त्याची लाडकी गायिका. लोक त्याला टोमणे मारायला लागले होते, "काय भाऊ, तुमच्या बहिणाबाईंचे पाय फार छान चालतात म्हणे." पाळक एलिगियो खोलीत आले आणि म्हणाले, "क्रिसान्तो, पोरीची कॅसेट तेवढी बाजूला ठेव. सहा महिन्यांनी पुन्हा लाव."

"बाजूला कशाला, पाळक?" हा म्हणाला. त्यानं कॅसेट काढली, यंत्रात घातली, रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं, माइक ओढला, पवित्र पुस्तक उघडलं आणि 'नीतिसूत्रे' वाचायला सुरुवात केली. तिच्या आवाजावर याचा आवाज चढत गेला. एक बाजू संपली, त्यानं उलटी घातली आणि पुढं वाचलं.

पाळक थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "अरे, मी बाजूला ठेव म्हणालो होतो." आणि गेले. थांबवलं मात्र नाही बरं का! म्हाताऱ्याला एक हात पुढं करता आला असता.

मला हे सांगताना क्रिसान्तो म्हणाला होता, "ताई, त्या वेळी मला बरं वाटलं होतं. खूप बरं. अंगातून काहीतरी घाण काढून टाकल्यासारखं. त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते."

राजाहून राजनिष्ठ म्हणतात तो हा असा. तो पंच झाला. आणि ती नीतिसूत्रांची कॅसेट रोज दुपारी लागायला लागली. लोकांना फार आवडायची. मीही भाकरी थापता थापता ऐकायचे आणि म्हणायचे, काय गोड वाचतो मेला.

इसिद्रा शेवटच्या बाकावर काही रविवार बसली. मग तिला ते सोसवेना. दर वर्षी डिसेंबरात कॉफी तोडायला मळ्यावर जायची, ती त्या वर्षी लवकर गेली, पास्कुआला मावशीच्या बहिणीकडे, खालच्या उतारावर. ऑक्टोबरात ते मोठं वादळ आलं. दिवसचे दिवस पाऊस, आणि सान लूकासच्या सणाच्या पहाटे तो उतार खाली बसला. त्या बहिणीचं घर, आतली माणसं, सगळं गेलं. खणायला गेलेले लोक दुसरा उतार खचायला लागला तसे परत आले. इसिद्रा तिथंच आहे अजून.

अल्मूदवर मयतीची बातमी क्रिसान्तोनंच दिली. मळ्यावर दरड कोसळून माणसं दगावली, आपल्या डोंगरातलीही काही, इतकंच म्हणाला. नाव नाही घेतलं. ती शिस्तीत होती ना!

पहिल्या वर्षदिनाला पास्कुआला मावशी आली. बाई काटक, फार बोलणारी नाही. खिडकीशी उभी राहून म्हणाली, "क्रिसान्तो बाबा, आज माझ्या पोरीचं गाणं लाव. माझ्याकडे तिचा ओळखपत्राचा एक फोटो आहे, त्यात ती घाबरलेली आहे. आवाज तुझ्याकडे आहे."

"मावशी, यंत्र कॅसेट खातंय सध्या," हा म्हणाला. "तुटली तर काय घ्या."

दुसऱ्या वर्षी म्हणाला, कॅसेट पाळकांकडे आहे, ते वेवेतेनांगोला गेलेत. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का? तिसऱ्या वर्षी मावशी एक पोसलेली कोंबडी घेऊन आली, पाय बांधून, त्याच्या दारात ठेवली आणि म्हणाली, "मी थांबते. पाळकांना येऊ दे." आणि माझ्या बाकावर बसली. संध्याकाळपर्यंत बसली. हा आतून बाहेर आलाच नाही, जेवायलाही नाही.

दुसऱ्या दिवशी क्रिसान्तो पलीकडच्या गावी भाचीकडे गेला, नोएमीकडे. तिचा आवाजही बारीक, थोडा इसिद्राच्या वळणाचा. दव मी, ऊन्ह यायच्या आत, हे गाणं तर डोंगरातल्या प्रत्येक पोरीला पाठ. तिला सांगितलं, नव्या गायकांना शिकवायला पाहिजे. जुन्याच यंत्रावर उतरवून घेतलं, कोंबडे आरवण्यासकट. आणि चौथ्या वर्षी मावशी आली तेव्हा त्यानं माइकवर सांगितलं, "गाते आहे बहीण इसिद्रा माटियास, वाडी लास पिएद्रास," आणि नोएमीला लावलं.

मावशी खिडकीशी उभी होती, भिंतीकडे तोंड करून. गाणं संपलं तशी शालीचा पदर डोळ्यांना लावला, म्हणाली, "देव तुझं भलं करो," आणि डोंगर चढून गेली. मी खुळी, मीही रडले. मला काय ठाऊक! मला तर ती इसिद्राच वाटली.

तेव्हापासून दर सान लूकासला हे असंच. मधे रेडिओ बदलत गेला. कॅसेटी गेल्या, तबकड्या आल्या, मग संगणक आला. म्हातारे पाळक देवाघरी गेले आणि तरुण पाळक आब्नेर आले, जीन्स घालणारे. नाच चालत नाही पण ड्रम चालतात असं त्यांचं मत. सीमेपलीकडे उत्तरेत मजुरीला गेलेली आपली पोरं आता फोनवरून अल्मूद ऐकतात, भांडी घासता घासता, आणि तिकडून गाण्याच्या फर्माईशी पाठवतात. सगळं बदललं, पण सान लूकासचा दिवस जवळ आला की क्रिसान्तो वाळायला लागायचा. खाई त्याला खवखवे. मी म्हणायचे, "अरे, जंत झालेत का तुला?" त्या दिवशी तो माझ्याकडचा अतोलसुद्धा घ्यायचा नाही.

परवाच्या सालची गोष्ट. गाणं लागून गेलं, मावशी जायला निघाली, आणि जाताना खिडकीतून हात घालून तिनं त्याचा हात धरला. म्हणाली, "बाबा, माझ्या पोराबाळांची आठवण काढायच्या आधी मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते. या गावात तिचं नाव घेणारा तू एकटा आहेस."

ती गेली आणि हा बाहेर येऊन माझ्या चुलीपाशी मटकन बसला. पाऊस लागला होता, गिऱ्हाईक नव्हतं. तिथं त्यानं मला सगळं सांगितलं. लाल बटण, नीतिसूत्रं, नोएमी, सगळं. सांगताना हात एकमेकांत असे पिळत होता की मला वाटलं बोटं मोडणार.

मी काय सोडते! "मेल्या," मी म्हणाले, "पोरीचा आवाज पुसलास आणि आईला दुसरीच पोर ऐकवलीस? इतकी वर्षं?"

"हो."

"आता मुकाट्यानं वर तिच्या घरी जा. तिच्या चुलीपाशी बस आणि तिला सांग. एकटीला."

त्यानं मान हलवली. "एकटीला सांगितलं तर ती मला माफ करेल, ताई."

"मग काय वाईट आहे?"

"मला माफी नको. मला शिस्त पाहिजे. इसिद्राला दोन गाण्यांच्या नाचासाठी लागली. मला कशी नाही?"

"अरे, शिस्त तुला पाहिजे म्हणून घ्यायची असते होय? तिचा विचार कर की!"

पण त्याच्या डोक्यात ते गेलं नाही. भल्या माणसांचं हेच असतं. त्यांना आपलं पाप स्वच्छ धुऊन वाळत घालायचं असतं, सगळ्यांना दिसेल असं.

त्याला धीर गोळा करायला पुढची जत्रा उजाडली. मग एका रविवारी तो प्रार्थनाघरात उभा राहिला. मी त्यांच्या उपासनेला जात नाही, पण भिंतीला कान आहेत आणि ते माझे आहेत. सगळं बोलला. काहीही झाकलं नाही. पाळक आब्नेर गोंधळले. म्हणाले, "भाऊ, जुनी गोष्ट आहे. एका कॅसेटसाठी आपण आता काय..."

"शिस्त द्या," क्रिसान्तो म्हणाला. "जशी सगळ्यांना देता तशी."

पंचांनी मागं बसून कुजबुज केली आणि दिली. सहा महिने शेवटचा बाक, माइकला हात लावायचा नाही. आणि ते खोटं गाणं संगणकातून काढून टाकायचं, पुन्हा लावायचं नाही, हेही ठरलं. मंडळी रडली. बाहेर आल्यावर लोकांनी त्याला मिठ्या मारल्या, धन्य भाऊ, केवढं धैर्य भाऊ. तो माझ्याकडे आला, चेहरा धुतल्यासारखा, आणि म्हणाला, "तिबूताई, भूक लागलीय." तामालवर तामाल खाल्ले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सगळ्यांच्या शेवटी पास्कुआला मावशी बाहेर आली. सरळ आमच्याकडे. क्रिसान्तो तोंडातला घास तसाच ठेवून उठला.

"बस," ती म्हणाली. "खा आधी."

तो बसला नाही. "मावशी, मी तुमचा..."

"मला माहीत होतं."

"काय?"

"ती इसिद्रा नव्हती ते. पहिल्याच ओळीला कळलं. आईला कळणार नाही होय रे?"

मीच विचारलं, "अगं मावशे, मग दर वर्षी डोंगर उतरून यायचीस कशाला?"

मावशी माझ्याकडे बघून बोलली नाही, त्याच्याकडे बघून बोलली. "गाण्याच्या आधी तू तिचं नाव घ्यायचास. आडनावासकट, वाडीसकट, बहीण म्हणून. माझी पोर शिस्तीत मेली. तिचे सहा महिने पुरे झाले नव्हते. तिचं नाव कोणी पुकारलं नाही, तिला कोणी मिठी मारली नाही. तू नाव घेतलंस की सगळा डोंगर ऐकायचा. मला वाटायचं, उठली शिस्त. वर्षातून एकदा उठायची. तेवढं पुरे होतं मला."

बाजूला कुणीतरी अतोल मागत होतं. मी दिला नाही.

"आता सान लूकास पंधरवड्यावर आलाय," मावशी म्हणाली. "तुझं तोंड तू बंद करून घेतलंस. गाणं तुम्ही काढून टाकलंत. मग आता नाव कोण घेणार?"

क्रिसान्तो पाळकांकडे गेला. त्याच संध्याकाळी. पाळक चांगले आहेत हो, पण तरुण आहेत. म्हणाले, बहीण इसिद्राची शिस्त कागदोपत्री तशीच राहिलीय हे खरं, आता मेलेल्या माणसाची शिस्त उठवता येते का ते वरच्या मंडळाला विचारावं लागेल, नाताळानंतर बैठक आहे. तोपर्यंत रेडिओवर नको, पुन्हा घोळ नको. एक वर्ष थांबलं तर काय बिघडतं?

सान लूकासच्या सकाळी पास्कुआला मावशी आली. नेहमीचीच खिडकी. आत पाळकांची बायको माइकवर वाढदिवस वाचत होती. क्रिसान्तो आतच होता, झाडलोट करत होता, कारण शिस्तीत झाडायला बंदी नाही. माइकपासून त्याचा हात जेमतेम दोन वीत. मावशी नुसती उभी राहिली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तो खाली बघून तीच फरशी पुन्हा पुन्हा झाडत होता.

माझा पारा चढला. मी दारातून ओरडले, "क्रिसान्तो, उघड तोंड! दोन शब्द आहेत रे, दोन! घाल चुलीत ती शिस्त!"

तो दारापाशी आला. हळू आवाजात म्हणाला, "ताई, मी सगळ्यांसमोर शब्द दिलाय."

"तेव्हाही तू असाच होतास! तेव्हाही तुला कुणी पुस म्हटलं नव्हतं, आणि आता तुला कुणी मुका हो म्हटलं नव्हतं! दोन्ही तुझंच!"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता वळेल, माइक ओढेल. पाळकांची बायको घाबरून थांबली होती, तिनं अडवलं नसतं. तो वळलाही. पण त्यानं झाडूच उचलला.

दुपारी नीतिसूत्रं लागली, त्याचाच आवाज, जुना. संगणकात आपोआप लागतात ती, शिस्तीच्या गडबडीत काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मावशी ती ऐकत होती. संपेपर्यंत थांबली, बहुतेक त्याच्या आवाजाखाली अजून कुणी आहे का ते ऐकत असावी. मग गेली. मी तामाल बांधून दिले होते ते तिनं बाकावरच ठेवले होते.

नाताळ झाला, बैठक झाली, विषय पुढं ढकलला. वसंतात क्रिसान्तोचे सहा महिने भरले. पाळकांनी त्याचं नाव मोठ्यानं पुकारलं, "भाऊ क्रिसान्तो हेरोनिमो!" आणि सगळे उठून त्याच्या गळ्यात पडले. मी बाहेरून ऐकलं. पास्कुआला मावशी त्या रविवारी आली नव्हती.

दुसऱ्या पहाटे तो माइकवर बसला आणि कुणाला न विचारता पहिल्यांदा तेच बोलला, "बहीण इसिद्रा माटियास, वाडी लास पिएद्रास. तिचा आवाज मी पुसला." पंचांनी त्याला बोलावून समज दिली. त्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं. आता तर रोज म्हणतो. वाढदिवसांच्या आधी, रोज. पंचांनीही नाद सोडलाय. उत्तरेतली पोरं विचारतात, ही इसिद्रा कोण, आणि तो त्यांनाही सांगतो.

मागच्या आठवड्यात मी वर लास पिएद्रासला गेले होते, मावशीला ताप होता म्हणून. सकाळची वेळ. वाटेतल्या प्रत्येक घरातून अल्मूद ऐकू येत होता, एका अंगणात तर दोन-दोन. तिच्या घरात शांत. रेडिओ खुराड्यावर पडलेला, बॅटऱ्या काढून घेतलेल्या, त्या तिनं टॉर्चमध्ये घातल्यात.

"अगं, तो रोज घेतो गं तिचं नाव," मी म्हणाले. "लाव तरी. मी आणते बॅटऱ्या."

"ऐकलंय मी, लोक सांगतात," ती म्हणाली. "त्याला घेऊ दे. त्याला बरं वाटत असेल."

मी खाली आले तेव्हा क्रिसान्तो खोलीच्या दारात उभा होता. त्याला ठाऊक होतं मी कुठं गेले होते. त्यानं विचारलं, "मावशी ऐकतात का गं, ताई?"

खोटं बोलायला मला काही जड गेलं नसतं, मी काही पंच नाही. पण तो इतकी वर्षं खोट्यावरच जगला होता. मी म्हणाले, "नाही."

त्यानं मान हलवली, आत गेला आणि वाढदिवस वाचायला लागला.